बंद तुकड्यातल्या लेंड्या

बाबांच्या खोलीत सगळं जिथल्या तिथं होतं. नव्हतं ते फक्त घड्याळ.

मुलीनं उशीखाली पाहिलं, औषधांच्या डब्यात पाहिलं, खुंटीवरच्या कोटाचे खिसे उलटे केले. एका खिशात सुतळी निघाली, दुसऱ्यात मूठभर गवताचं बी, तिसऱ्यात अर्धी चोखून पुन्हा कागदात गुंडाळलेली लिंबाची गोळी. गोळी तिनं बराच वेळ हातात धरली आणि होती तशी परत ठेवली. बाबांना जाऊन सहा आठवडे झाले होते. या सहा आठवड्यांत तिनं अर्ज भरले, पत्रांना उत्तरं लिहिली, भेटायला येणाऱ्यांना चहा दिला आणि रडण्याचं काम पुढं ढकललं. शहरात एका प्रकाशनसंस्थेत ती मुद्रितं तपासायची. राहिलेलं काम पुढच्या आठवड्यावर कसं टाकायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

खोली चराई संशोधन केंद्राची होती आणि महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. केंद्र म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी तीन बैठ्या इमारती, एक जीप, आणि समोर नजर पोचेल तिथवर माळरान. त्यावर दहा-बारा मेंढपाळांचे कळप चरत. बाबा इथं साहेब नव्हते, क्षेत्र-सहायक होते. एकोणतीस वर्षांपूर्वी त्यांनी वरच्या उतारावर घराएवढ्या जागेला तारेचं कुंपण घातलं, दाराला कुलूप ठोकलं, आणि बाहेर तेवढीच जागा खुंट्या मारून आखून ठेवली. आतला तो बंद तुकडा, बाहेरचा उघडा. बंद तुकड्यात एकाही मेंढीनं तोंड घालायचं नाही. उघड्यात त्या रोज घालतच होत्या. दर वर्षी, गवताला तुरे येतात त्या आठवड्यात, बाबा दोन्हीकडच्या जमिनीला एकच प्रश्न विचारत: ओतलेलं पाणी प्यायला तुला किती वेळ लागतो?

विचारायचं साधन म्हणजे एक लोखंडी कडं. वीतभर उंच, जेवणाच्या ताटाएवढं रुंद. ते दोन बोटं जमिनीत ठोकायचं, आत रुमाल अंथरायचा म्हणजे पाण्याच्या धारेनं माती उकरत नाही, पत्र्याच्या मापानं एक माप पाणी ओतायचं, रुमाल अलगद काढून घ्यायचा आणि घड्याळ बघायचं. पाण्याची शेवटची चमक गेली की वेळ थांबवायची. बस्स, एवढंच. या एवढ्यासाठी माणूस आयुष्य घालवतो, याचं मेंढपाळांना भारी नवल. ते बाबांना कडेवाले म्हणत. कुणी म्हणे, "कडेवाले, आज जमिनीला किती तहान?" बाबा गंभीरपणे आकडा सांगत. थट्टा आहे हे त्यांना कळत नसे असं नाही. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, अशी त्यांची रीत होती.

पहिल्या वर्षी दोन्हीकडे वेळ सारखीच भरली होती, अकरा मिनिटं. मग एक आकडा पायरी पायरीनं उतरत गेला आणि दुसरा चढत गेला. गेल्या वर्षी बंद तुकड्यात चार मिनिटं, उघड्यात अठ्ठावीस.

"तिसावी नोंद राहिली हो, ताई," केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या. त्या वयानं मुलीपेक्षा लहान होत्या, हुशार होत्या, आणि त्यांना गवताची ॲलर्जी होती. गवताच्या केंद्राची प्रमुख गवतानं शिंकते, यावर माळावर निम्मे विनोद चालत. "शुक्रवारी चराई मंडळाची बैठक आहे. वरच्या उताराला दोन वर्षं विसावा द्यायचा की नाही, ते ठरवणार. मी त्यांच्यासमोर बाबांचा सगळा तक्ता ठेवणार. तीस वर्षांचा. एकोणतीसचा ठेवला तर म्हणतील, शेवटी काहीतरी लपवलं. तुम्ही कराल का? एका दिवसापुरतं केंद्रातर्फे नेमते तुम्हाला. लहानपणी तुम्हीच..." आणि त्यांना शिंक आली.

"रुमाल काढायचं काम माझं असायचं," मुलगी म्हणाली. "करते. फक्त बाबांचं घड्याळ सापडत नाहीये."

"मोबाइल आहे की."

"हो," मुलगी म्हणाली. मोबाइल होताच.

गुरुवारी सकाळी ती कडं, माप, पाण्याचे दोन डबे आणि नोंदवही घेऊन निघाली. जीप अर्ध्यावर सोडून गेली, पुढं चढ. चालताना बाबांचा आवाज बरोबर होता. तो हल्ली विनाकारण येई, भांडी घासताना, बसमध्ये. इथं निदान त्याला कारण होतं. "मेंढी गवत खाते हा तिचा गुन्हा नाही," बाबा सांगत. "खाऊ दे. पण गवताला पुन्हा उभं राहायला फुरसत दे. वर जेवढं पातं उरतं, तेवढंच खाली मूळ उरतं. मूळ गेलं की मातीतल्या पाण्याच्या वाटा बुजतात, वरून खूर थापटून थापटून फरशी करतात. मग पाऊस दारात येतो, दार बंद बघतो, आणि वाहून जातो. रिकाम्या हातानं जात नाही. माती घेऊन जातो."

उघड्या तुकड्यात ते ओणवं होऊन बघावं लागत नव्हतं. गवताचा एकेक झुबका आपापल्या मातीच्या छोट्या चौथऱ्यावर बसला होता, टोपीवर पीस खोचावं तसा. ती लहान असताना या चौथऱ्यांना टेकड्या समजे. बाबांनी तिला समजावलं होतं, टेकडी वर आलेली नाही, बाकीची जमीन खाली गेली आहे. मुळांनी मूठ घट्ट धरली म्हणून एवढी तरी राहिली.

बाबांच्या जुडग्यातल्या सर्वांत लहान किल्लीनं तिनं कुलूप काढलं. कुलूप तेल घातल्यासारखं चटकन उघडलं. आत पाऊल टाकलं आणि जमीन पायाखाली किंचित दबली, गादीसारखी. गवत गुडघ्यापर्यंत, मध्ये जुनं वाळकं, त्यातून नवं. कडं ठेवायला तिनं एक जागा निवडली, हातानं गवत बाजूला सारलं.

आणि तिथं लेंड्या होत्या.

ती गुडघ्यांवर बसून बघत राहिली. सशाच्या नव्हत्या. या माळावर लहानाची मोठी झालेली बाई मेंढीची लेंडी ओळखायला चुकणार नाही. काही जुन्या होत्या, उन्हानं पांढुरक्या पडलेल्या, हातात घेतल्यावर भुगा होणाऱ्या. थोड्या पुढं, कोपऱ्यात, त्याहून अलीकडच्या. आणि त्या कोपऱ्यातलं जुनं वाळकं गवत एका उंचीवर खुडलेलं. तिनं चारही बाजूंनी कुंपण तपासलं. तार शाबूत. खालून उकरलेलं नाही. दार एकच, कुलूप एकच, किल्ली एकच. मेंढी कुलूप उघडून आत शिरत नाही. कुणीतरी शिरवावी लागते.

तिनं कडं ठोकलं नाही. नोंदवही उघडली.

बाबांची वही म्हणजे बाबाच. तारीख, तुकडा, वेळ, शेरा, निरीक्षक, असे पाच रकाने. शेऱ्यात एकेक ओळ: "वारा." "रात्री हलका पाऊस, त्यामुळे एक दिवस थांबलो." एका वर्षी: "मापाला पोचा पडला होता, ठोकून सरळ केला, पुन्हा भरून तपासलं." जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते लिहायचं नाही, हे त्यांचं वाक्य तिनं लहानपणी इतक्या वेळा ऐकलं होतं की शाळेच्या निबंधातही ती काही वाटून घ्यायची नाही. ती शेवटच्या तीन वर्षांपाशी आली. अक्षर बाबांचंच, जरा कापरं. वेळा भरलेल्या. शेरा: "नेहमीप्रमाणे." निरीक्षकाचा रकाना तिन्ही वेळा रिकामा.

हे तिनं आधीही पाहिलं होतं, दवाखान्याच्या धावपळीत, आणि आजारपणात राहून गेलं असेल असं समजून पान उलटलं होतं. पण बाबांचं काही राहून जात नसे. रिकाम्या जागेपाशी थांबणं हे तर तिचं पोटापाण्याचं काम. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पानांवर ते करून ती बापाच्या पानावर चुकली होती.

त्या उतारावर बसल्या बसल्या तिला जे कळत होतं ते असं: बाबांनी मेंढी आत सोडली, किंवा सोडू दिली. लिहिलं नाही. हे तिनं वहीत लिहिलं तर निदान तीन वर्षांच्या नोंदी बाद. मंडळाच्या लोकांना एवढंच निमित्त पुरे होतं. तीन खोट्या निघाल्या तर सव्वीस खऱ्या कशावरून? आणि नाही लिहिलं, तर तिसावी नोंद तिच्या हातची खोटी. तीही बाबांच्या वहीत.

माळावर बाबांना सर्वांत जास्त शिव्या कुणी दिल्या असतील तर मेंढीमावशीनं. कुंपण घातलं त्या जागेवर तिच्या मेंढ्या पिढ्यान् पिढ्या चरत होत्या. नाव मुलीनंच चार वर्षांची असताना ठेवलं होतं, आणि आता सगळा माळ तेच घेत होता. मावशीचं घर उताराला लागून होतं. कुणाची मेंढी कुठं गेली, हे विचारायचं तर तिथंच.

मावशी दारातल्या बाकावर बसून एका मेंढीच्या खुरात रुतलेला खडा काढत होती. मेंढी लठ्ठ होती, कान फाटका, आणि खूर मावशीच्या मांडीवर ठेवून महाराणीसारखी दुसरीकडे बघत होती.

"ये गं, पोरी. बस. हिला हलवू नकोस, रुसते. आई मेली तेव्हा एका दिवसाची होती, बाटलीवर वाढवली, म्हणून नाव बाटली. आता घरातून जात नाही. माझ्या धाकट्या जावेपेक्षा हिचे नखरे जास्त. जेवलीस का?"

"जेवले. मावशी, बंद तुकड्यात लेंड्या आहेत."

मावशीचा हात थांबला. खडा निघाला होता तरी ती खूर धरून बसली.

"किती?"

"किती म्हणजे? बऱ्याच. जुन्या, नव्या."

"मेले," मावशी म्हणाली. "मी तर वेचल्या होत्या सगळ्या. पिशवीत भरून आणल्या होत्या. डोळ्यांना दिसत नाही हल्ली." मग तिनं मेंढीकडे बघून आवाज चढवला. "तरी तुला सांगितलं होतं, बाहेर थांब म्हणून! थांबायचं नाही, तर निदान आवरायचं!"

बाटलीनं कान हलवला.

मावशीनं खूर सोडला, हात पुसले, आणि अंगावरच्या लोकरी जाकिटाच्या आतल्या खिशातून काहीतरी काढून बाकावर दोघींच्या मध्ये ठेवलं. बाबांचं घड्याळ. काचेवर तोच चरा, पट्ट्याला तेच जादा पाडलेलं भोक.

"चोरलेलं नाही," मावशी म्हणाली. "तीन वर्षं माझ्याकडेच आहे. कडं आणि किल्ली मी दर वेळी परत करायचे. कडेवाले म्हणाले, राहू द्या तुमच्याकडे, सवय होऊ द्या."

"नोंदी तुम्ही घेतल्यात."

"मग काय तुझ्या बापानं घेतल्या? छातीचा भाता झालेला, दाराशी येईस्तोवर तीनदा बसायचे. जीपवाल्याला वाटलं चालत जातात, साहेबीणबाईंना वाटलं जीपनं जातात. कुणी विचारलं नाही, आणि ते सांगतायत कशाला! पण डॉक्टरांनी चढ बंद केला त्या वर्षी माझ्याकडे आले. इथंच बसले, तू बसलीयस तिथं. म्हणाले, बाई, एक काम आहे, विश्वासाचं माणूस हवंय."

"तुमच्याकडे?"

"मीही तेच म्हटलं! म्हटलं, कडेवाले, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. पंचवीस-तीस वर्षं मी तुमच्या कुंपणाला शिव्या घालत्येय. एकदा तार कापायला पक्कड घेऊन गेले होते, ठाऊक आहे ना? तर म्हणाले," इथं मावशीनं मान जराशी कलती केली, आणि क्षणभर ती हुबेहूब बाबांची मान झाली, "म्हणाले, म्हणूनच. तुम्ही माझ्या बाजूनं एक मिनिटसुद्धा चोरणार नाही."

मुलीनं घड्याळ उचललं. ते चालू होतं. मावशी त्याला रोज किल्ली देत असणार.

"पहिल्या वर्षी मी चोरणारच होते," मावशी म्हणाली. "त्यांच्या विरुद्ध. ठरवूनच गेले होते. बंद तुकड्यात ओतलं, तर काय, बघता बघता गडप! चार मिनिटं. म्हटलं, बिळात गेलं असेल. दुसरीकडे ओतलं, तेच. मग बाहेर आले, माझ्या मेंढ्यांच्या जागेवर. ओतलं आणि बसले. बसले बाई, बसले. विणायला आणलं होतं, त्याचा अर्धा पायमोजा झाला. पाणी आपलं माझ्याकडे बघतंय, मी पाण्याकडे. ढिम्म हलेना. त्यात माझं तोंड दिसत होतं." ती थोडी थांबली. "कडेवाले हे मला दर वर्षी तोंडानं सांगायचे. तोंडानं सांगितलेलं मी ऐकत नाही, आमच्या घराण्यात नाही ते. पण अठ्ठावीस मिनिटं आपलंच तोंड बघत बसायचं म्हणजे..."

"खरी वेळ सांगितलीत त्यांना?"

"सेकंदासकट. मी सांगायचे, ते खाटेवर बसून लिहायचे. हिचं मात्र सांगितलं नाही." तिनं बाटलीच्या डोक्यावर टपली मारली. "माझ्यामागून आत घुसते, मी गुडघ्यावर बसलेली, उठून हाकलेस्तोवर खाऊन मोकळी. सांगितलं असतं तर त्यांनी कडं काढून घेतलं असतं. त्यांचा स्वभाव तुला माहीत. आणि मला..." मावशीनं दूर कुंपणाकडे बघितलं. "मला ते काम आवडायला लागलं होतं, गं."

मुलीला रिकामे रकाने आता नीट वाचता येत होते. बाबांनी बघितलं नव्हतं, म्हणून स्वतःचं नाव लिहिलं नाही. मावशीचं लिहिलं असतं तर केंद्राच्या नियमानं नोंद गेली असती, कारण निरीक्षक केंद्राचाच हवा. खोटं लिहवेना आणि खरं परवडेना. उभ्या जन्मात त्या माणसानं केलेली लबाडी ती एवढीच, तीन रिकामे चौकोन.

"मावशी, मी हे लिहिणार आहे. लेंड्यांचंसुद्धा."

"लिही. पण मंडळात मीच सांगते. तू सांगितलंस तर म्हणतील, बापाची बाजू सावरतेय. मी सांगितलं तर कुणाची टाप आहे?"

"वरच्या उताराला विसावा मिळाला तर तुमच्याच मेंढ्या आधी हलतील."

"ठाऊक आहे. पन्नासेक बहिणीच्या कळपात पाठवाव्या लागतील. तिचा नवरा त्यांना मारकुट्या म्हणतो. आहेतच मारकुट्या." मग हळूच, "तू संध्याकाळी थांब. गरम पाणी देते, पाय सुजलेत तुझे."

शुक्रवारी लोकर कातरायच्या शेडमध्ये बैठक भरली. मंडळाचे अध्यक्ष मेंढपाळ होते, सगळे त्यांना घाईकाका म्हणत. ते बसायच्या आधीच उठायच्या तयारीत असत. केंद्रप्रमुख बाईंना मुलीनं आदल्या संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं. त्या लालबुंद झाल्या होत्या, रागानं की गवतानं ते कळलं नाही. मग म्हणाल्या होत्या, "नियमानं तीन वर्षं मी जमेस धरू शकत नाही, ताई. पण बैठक मंडळाची आहे. कुणाचं ऐकायचं ते मंडळानं ठरवावं. मी अडवणार नाही."

मावशी उभी राहिली आणि तिनं जे घडलं ते सांगितलं. किल्ली, घड्याळ, बाटली, पिशवीभर लेंड्या, काही गाळलं नाही. शेडमध्ये आधी हशा, मग एकदम गलका.

"म्हणजे कडेवाल्यांचा सगळा तक्ता आमच्या मावशीच्या भरवशावर!"

"सव्वीस वर्षं त्यांच्या, तीन माझ्या," मावशी म्हणाली. "हिशेब तरी नीट कर."

"आत मेंढी चरत होती म्हणजे तुकडा बंद कुठं राहिला?" मागून कुणीतरी म्हणालं. "गेलं की सगळं बाराच्या भावात."

"एक मेंढी, वर्षातून एकदा, तासभर. तिथं तू वर्षभर दोनशे घालतोस. तुला फरक कळत नसेल तर एकदा मी एकटी तुझ्याकडे जेवायला येते, आणि मग दोनशे पाहुणे रोज धाडते. मग विचारते."

"अहो, पण लिहिलेल्या वेळेवर विश्वास ठेवायचा कसा?" घाईकाका म्हणाले. "कागदावर काय, काहीही लिहिता येतं. लवकर ठरवू या, मला..."

"लवकरच ठरवू," मावशी म्हणाली आणि कडं काखेत मारून बाहेर पडली.

सगळे तिच्यामागून चढले. बसून राहावं तर पुढं काय झालं ते कळणार नाही, ही पंचाईत. बाटलीला या वेळी शेडमध्ये बांधून ठेवलं होतं, आणि तिचा निषेध पार वरपर्यंत ऐकू येत होता. बंद तुकड्यात, कोपऱ्यातल्या खुडलेल्या गवतापासून दूर, मावशीनं कडं ठोकलं. मुलीनं रुमाल अंथरला. पाणी ओतलं गेलं. मुलीनं रुमाल ओढून घेतला, अलगद, एका कडेनं. हात विसरला नव्हता. घड्याळ मावशीनं घाईकाकांच्या हातात दिलं होतं.

"चार मिनिटं," ते म्हणाले. "चार आणि दहा सेकंद. बरं. झालं?"

"अर्धं झालं."

उघड्या तुकड्यात कडं ठोकायला मावशीला दगड घ्यावा लागला. पाणी ओतलं. रुमाल काढला. कड्यात आभाळाचा एक गोल तुकडा उतरला आणि तिथंच राहिला.

पहिली पाच मिनिटं थट्टेत गेली. कुणी म्हणालं, मासे सोडू या. दहाव्या मिनिटाला घाईकाकांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. पंधराव्याला दोघं बसले. केंद्रप्रमुख बाई तीनदा शिंकल्या, आणि एका म्हाताऱ्या मेंढपाळानं आपला स्वच्छ रुमाल पुढं केला. वीस मिनिटांनंतर थट्टा संपली. एकेक जण पुढं येऊन कड्यात डोकावत होता, स्वतःचं तोंड बघत होता आणि मागं सरत होता. एकानं बुटाच्या टाचेनं जमीन ठोकून पाहिली, खणखणली.

मुलगी कड्यापाशी गुडघ्यावर बसली होती. दवाखान्यातून बाबांना नेलं तेव्हा हीच माणसं आली होती, टोप्या हातात घेऊन, आणि कळपांची वेळ झाली म्हणून लवकर निघाली होती. तिला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. पण आता ती माणसं उभी होती. घाईकाकांसकट सगळी, कुणी न थांबवता, पाणी जिरायची वाट बघत. बाबांना हे फार आवडलं असतं. त्यांनी तोंडावर दाखवलं नसतं. शेऱ्यात लिहिलं असतं: "उपस्थिती बरी."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा ते तिनं पुसलं नाही. हातात रुमाल होता तो ओलाच होता. मावशीनं बघितलं, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मोठ्यानं म्हणाली, "पोरी, कड्यात पाडू नकोस हां. मोजमाप चुकेल."

"एकोणतीस मिनिटं," घाईकाका शेवटी म्हणाले. आवाज खाली आला होता. "आणि चाळीस सेकंद." त्यांनी घड्याळ लगेच परत दिलं नाही.

शेडमध्ये परतल्यावर हात वर झाले. दोन वर्षांचा विसावा काही मिळाला नाही. एक वर्ष देऊ, मग बघू, असं ठरलं; सगळ्यांत आधी वर गेलेला हात मावशीचा होता, आणि वर असतानाच ती बहिणीच्या नवऱ्याला नावं ठेवत होती. बाबांच्या तीन नोंदींचं काय, हे मंडळानं ठरवलं नाही. केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या, छापील तक्त्यात त्या कंसात टाकू, खाली टीप देऊ. टीप कशी लिहायची ते मुलीनं बघावं, तिचा तो धंदाच आहे.

सगळे गेल्यावर मुलीनं वही उघडली. तिसावी नोंद लिहिली. तारीख, तुकडा, वेळ. शेरा: "मंडळाचे सर्व सभासद हजर. बंद तुकड्यात एक मेंढी, वर्षातून एकदा, मागची तीन वर्षं. कोपऱ्यातलं गवत खुडलेलं. लेंड्या जुन्या आणि नव्या." तिनं घड्याळ मावशीपुढं सरकवलं.

"हे ठेवा. पुढच्या वर्षी लागेल."

"साहेबीणबाई देतील मला कडं?"

"त्यांनीच विचारायला सांगितलंय. रीतसर नेमून देणार म्हणाल्या, आता चोरून नाही. फक्त बाटली बाहेर."

मावशीनं घड्याळ जाकिटात ठेवलं नाही, मनगटावर बांधलं. जादा भोकही तिला सैल होत होतं.

"मावशी, तुमचं नाव काय?"

"अगं, डोकंबिकं फिरलं का? मेंढीमावशी."

"ते मी ठेवलेलं. कागदावरचं सांगा."

मावशी काहीशी लाजली. मग शाळेत हजेरी द्यावी तशी ताठ बसून तिनं नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आणि घराण्याचं. इतकी वर्षं ओळख, पण हे नाव मुलगी पहिल्यांदा ऐकत होती. ऐटबाज, लांबलचक नाव होतं. निरीक्षकाचा रकाना लहान होता. तिनं अक्षर बारीक केलं आणि ते चारही चौकोनांत पूर्ण लिहिलं.